एक जूनची माणसं

सोमवार, १३ एप्रिल २०२६

"मॅडम, निरोप्या म्हणजे तुम्ही. तुम्ही गेलात की तो गेला." — राकेश, सगळ्यांसमोर.

वीस वर्षं हे वाक्य मी कौतुक म्हणून ऐकलं. आज तेच आरोप म्हणून ऐकलं.

राकेश म्हणजे ट्रस्टने आणलेला नवा प्रशासक. वय अडतीस, शर्टाला इस्त्री, बोलणं गोड. त्याचं म्हणणं थोडक्यात असं. हॉस्पिटलमध्ये केसपेपरची खिडकी, लॅब, एक्सरे, औषधांचं दुकान, वॉर्ड, बिल, सगळ्यांची मशीनं वेगवेगळ्या कंपन्यांची. एकाची भाषा दुसऱ्याला कळत नाही. मधे निरोप ने-आण करणारं काहीतरी लागतं. लोक ते विकत घेतात. आपण एकटेच घरी बनवलेला निरोप्या वापरतो, आणि तो बनवणारी बाई एकतीस मेला रिटायर होते आहे.

"मिडलवेअर म्हणतात त्याला, मॅडम."

"ठाऊक आहे. तुम्ही बारावीत होतात तेव्हा मी ते लिहिलं."

ठरलं असं की पुण्याच्या एका कंपनीचं आणून महिनाभर चालवून बघायचं. घरचं आणि विकतचं शेजारी शेजारी. बावीस मेला ट्रस्टी ठरवतील काय ठेवायचं.

उठता उठता राकेश म्हणाला, "आजकाल पापडसुद्धा कोणी घरी लाटत नाही." सगळे हसले. संतोषही हसला. चौदा वर्षं माझ्या हाताखाली आहे तो.

मंगळवार, १४ एप्रिल

सुट्टी. पापडाला उत्तर सुचलं — पापड मोडला तर पेशंट मरत नाही. एक दिवस उशिरा सुचलं. त्याचा काय उपयोग.

गुरुवार, १६ एप्रिल

रागाने निर्णय घ्यायचा नाही, असं मीच विभागातल्या मुलांना शिकवते. म्हणून आज शांतपणे विकतच्या बाजूने विचार केला. निदान प्रयत्न केला.

विकतच्याला कंपनी असते. बिघडलं तर फोन करता येतो. नवं मशीन आणलं की त्याची जोडणी तयार मिळते. मला लॅबच्या मशीनसाठी तीन महिने लागले होते. ते वापरणारी माणसं बाजारात मिळतात. निरोप्या वापरणारी माणसं जगात दोन, मी आणि संतोष. आणि निरोप्याचं कागदावर काही नाही. हे राकेश बोलला तेव्हा मला झोंबलं, कारण खरं आहे. लिहायचं राहिलं. दर वर्षी राहिलं.

आता दुसरी बाजू. विकतच्याला दर वर्षी भाडं. कंपनी उद्या दुसऱ्या कंपनीने गिळली की नियम बदलणार. एक बारीक दुरुस्ती हवी असली तरी अर्ज करा, वाट बघा. आणि मुख्य म्हणजे त्यांना आपली माणसं माहीत नाहीत. पेठ-सुरगाण्याच्या पाड्यांवरून जीपला लटकून येणारी माणसं कशी नाव सांगतात, कसं वय सांगतात, हे पुण्यात बसून कळणार आहे का?

निरोप्या हे नाव मी ठेवलं नाही. आधी हे काम सावळीराम करायचा. लॅबच्या चिठ्ठ्या घेऊन दिवसभर तीन मजले वर-खाली. नर्सेस त्याला निरोप्या म्हणायच्या. २००६ साली प्रोग्रॅम तयार झाला तेव्हा मी तेच नाव प्रोग्रॅमला दिलं आणि सावळीरामला केसपेपरच्या खिडकीवर बसवलं. तो पेठचाच. त्यांची बोली त्याला येते. तेव्हा वाटलं होतं, दोघांचंही भलं झालं.

सोमवार, २० एप्रिल

कंपनीने निकिता नावाची मुलगी पाठवली आहे. सव्वीस वर्षांची. मला वाटलं पुण्याची असेल, निघाली सिन्नरची. म्हणजे माझ्याच तालुक्यातली. रोज बसने येते.

"मॅडम, ह्या नियमांचं कुठे काही लिहिलेलं आहे का?"

"माझ्या डोक्यात आहे."

"मग मी रोज तुमच्या शेजारी बसू का?"

उद्धट नाही. उद्धट असती तर सोपं गेलं असतं.

बुधवार, २२ एप्रिल

आज मजा आली. किती दिवसांनी.

विकतच्याला आपल्या सगळ्या जुन्या केसपेपरांवरून फिरवलं आणि जिथे घरचं आणि विकतचं यांचं पटत नाही तिथली यादी काढली. लॅबचं मशीन जुनं आहे. त्याला केसनंबर कळत नाही. ते रिपोर्टबरोबर फक्त नाव, गाव आणि जन्मतारीख पाठवतं. त्यावरून हा माणूस कोणता, हे मधल्याने ओळखायचं. खरी परीक्षा तिथे.

यादी तीनशे ओळींची. विकतच्याने माणसंच्या माणसं एकत्र बांधून टाकलेली! एकाच गावचे दोन सोमा, एकाच नवऱ्याच्या नावाच्या दोन फुलाबाई, जन्मतारीख एक, मोबाइल नंबर एक — म्हणून माणूसही एक.

निकिता म्हणाली, "मॅडम, नाव, तारीख, फोन तिन्ही सारखं आहे. वेगळे कसे असतील?"

तिला खिडकीवर नेलं. सावळीराम हसला. "ताई, आमच्याकडं सोमवारी झाला तो सोमा, मंगळवारी झाला तो मंगळू. पाड्यात सोमा किती असतील मोजा. फोन पाड्यात एकाकडंच लागतो, डोंगरावर राहतो त्याच्याकडं, मग सगळे त्याचाच नंबर देतात. आणि जन्म सगळ्यांचा एक जूनचा."

"सगळ्यांचा?"

"शाळा जूनमधी भरायची ना. गुरुजी विचारायचे, पोरगा कधीचा? बाप म्हणायचा, भात कापायच्या वक्ताला. गुरुजी लिहायचे एक जून."

मी तिला माझं ओळखपत्र दाखवलं. एक जून १९६६. माझ्याही गुरुजींनी तेच केलं. आई म्हणायची, तू झालीस तेव्हा ज्वारी निसवली होती. म्हणजे खरं तर मी थंडीच्या तोंडावर रिटायर व्हायला हवी.

निरोप्यात हे मी २००९ सालीच बसवलं आहे. सावळीरामनेच तेव्हा येऊन सांगितलं होतं, मॅडम, आमच्या माणसांची तारीख धरू नका. तो पुढेही काहीतरी सांगत होता, पण मला ट्रस्टींकडे जायचं होतं. त्याच संध्याकाळी बसून नियम लिहिला: एक जून दिसला की जन्मतारीख बाद. नाव, गाव, नवऱ्याचं किंवा बापाचं नाव, आडनाव आणि शेवटी कधी येऊन गेला, यांवरून ओळखायचं. माझ्या सगळ्या कामात मला ह्या नियमाचा अभिमान जास्त. असला नियम विकत मिळत नाही.

यादीत थोड्या ओळी उलट्याही होत्या. निरोप्या एक माणूस म्हणतो, विकतचं दोन म्हणतं. त्यातली एक निकिताने पुढे केली. चिमणाबाई सोमा गावित, जांभूळपाडा. एक केसपेपर १ जून १९६४ चा, दुसरा १ जून १९७३ चा.

"मॅडम, ह्या ओळीकडे परत एकदा बघाल का?"

"एकाच बाईने दोन वेळा दोन वयं सांगितली. तिथे वय कोणाला माहीत असतं?"

लाल पेनाने काट मारली. बाजूला सही केली.

मंगळवार, २८ एप्रिल

संतोषला विचारलं, "तुझं मत काय?" उगीच विचारलं.

आधी म्हणाला, तुम्ही म्हणाल ते. मग म्हणाला, खरं सांगू का. मग द्वारकेच्या सिग्नलला माझ्या गाडीत बसल्या बसल्या बोलून मोकळा झाला. वीस मिनिटं वाहनं हलत नव्हती. कुठे जाणार मी?

"मॅडम, निरोप्या मला पाठ आहे. पण निरोप्या येतो म्हणून मला दुसरीकडे कोणी नोकरी देणार नाही. विकतचं शिकलो तर पुण्यात, मुंबईत, कुठेही जाऊ शकतो. तुमचं चौतीस वर्षांचं झालं. माझी अजून वीस राहिलीत."

"म्हणजे तुला ते हवंय."

"मला निरोप्याचा राग नाही, मॅडम. पण मला त्याच्याबरोबर म्हातारं व्हायचं नाही."

त्याला उतरवलं. दार हळू लावलं त्याने. आपटलं असतं तर बरं झालं असतं.

घरचं की विकतचं, ह्या वादात लोक किंमत बोलतात, सोय बोलतात. घरचं सांभाळायला घरातलं कोणी तयार आहे का, हे शेवटी विचारतात. ते आधी विचारायला हवं होतं. मी विचारलं नाही. गृहीत धरलं.

सोमवार, ४ मे

निरोप समारंभाचं पत्रक लागलं. शनिवार, तीस मे, दुपारी चार. मी आणि सावळीराम — एकत्र! त्याचीही एक जून, त्याचंही सहासष्ट. दोन शाली, दोन नारळ, एकच हॉल. विभागप्रमुख आणि खिडकीवरचा कारकून एका हारात. राकेश म्हणाला, "सोयीचं पडेल सगळ्यांना." पडेल.

सावळीराम भाचीच्या लग्नाला गावी चालला आहे, शनिवार ते बुधवार. खिडकीवर बिलातली एक मुलगी बसेल. विचारत होता, "मॅडम, चालेल ना? नाहीतर लग्नाचा दिवस करून परत येतो." म्हटलं, खुशाल जा. नाव लिहायचं आणि कागद द्यायचा. त्याला काय लागतं?

सोमवार, ११ मे

राकेशने ठरवलं, नुसतं शेजारी चालवून कळत नाही, लॅब तरी पूर्ण विकतच्यावर टाकू. मी लेखी विरोध नोंदवला. त्याने तो वाचला आणि बाजूला ठेवला.

सकाळी अकरा वाजता लॅबची जोडणी बदलली. मी स्वतः उभी होते. निरोप्याची तार काढताना निकिताने माझ्याकडे बघितलं. मी म्हटलं, काढ, काय बघतेस.

लॅबपुरता निरोप्या वीस वर्षांत पहिल्यांदा गप्प आहे.

गुरुवार, १४ मे

झालं. मी सांगितलं होतं ते झालं.

बायकांच्या वॉर्डात सोमवारपासून जांभूळपाड्याची चिमणाबाई गावित ठेवली आहे. रक्ताचा रिपोर्ट म्हणतो मूत्रपिंडं जवळजवळ बंद. पण बाई ठणठणीत. नुसती अशक्तपणासाठी आली होती. पुन्हा रक्त घेतलं, चांगलं. पुन्हा घेतलं, चांगलं. डॉक्टर चक्रावले.

आज सावळीराम लग्नाहून परत आला. पेढे द्यायला वॉर्डात गेला आणि तिथेच थांबला. मला फोन. "मॅडम, ही धाकटी हाय. थोरली कुठं?"

चिमणाबाई दोन आहेत. दोघींच्या नवऱ्यांचं नाव सोमा, आडनाव गावित, पाडा एक. दोघी सोमवारी एकाच जीपने आल्या, दोघींचं रक्त सकाळी गेलं. थोरलीचा वाईट रिपोर्ट धाकटीच्या कागदावर आला आणि धाकटीचा चांगला रिपोर्ट थोरलीच्या. पायाला सूज असलेल्या थोरलीला गोळ्या देऊन घरी पाठवलं. तीन दिवस झाले.

केसपेपरवर दोघींचाही एकच फोन, थोरलीच्या मुलाचा, दत्तूचा. सावळीरामने अकरा वेळा लावला. बाराव्यांदा लागला.

"दत्तू, आई कशी हाय?"

"निजूनच हाय. काय खाय ना. तुमच्या डॉक्टरनी बरी हाय सांगितला ना?"

सावळीराम एवढंच म्हणाला, "जीप काढ. आत्ता काढ."

वॉर्डच्या रजिस्टरमध्ये तारीख बघितली. अकरा मे. ज्या दिवशी लॅब विकतच्यावर टाकली तोच दिवस. आणखी काय बघायचं?

शुक्रवार, १५ मे

थोरलीला काल संध्याकाळी आणलं. डायलिसिस सुरू केलं. डॉक्टर म्हणाले वाचेल. मग म्हणाले, "तीन दिवस आधी हातात आली असती तर बहुतेक औषधांवर भागलं असतं. आता आठवड्यातून दोनदा."

पेठच्या पलीकडून आठवड्यातून दोनदा.

शनिवार, १६ मे

ट्रस्टींना टिपण दिलं. दोन पानं. विकतच्याला आपली माणसं ओळखता येत नाहीत हे मी बावीस एप्रिलला दाखवलं होतं, अकरा मेच्या बदलाला माझा लेखी विरोध होता, आणि त्याच दिवशी एका पेशंटचं आयुष्यभराचं नुकसान झालं. एक शब्द जास्त लिहिला नाही. गरज नव्हती.

सावळीराम केबिनच्या दारात येऊन उभा राहिला. "मी रजेवर होतो ना, मॅडम."

"तुमचा काय संबंध? मशीनची चूक आहे."

तो खिडकीकडे परत गेला.

दुपारी निकिता आली. डोळे लाल, आवाज सरळ. "मॅडम, आमच्या बाजूला त्या दोन रिपोर्टांची नोंद सापडत नाही. मला अकरा तारखेचं निरोप्याचं रजिस्टर, कोणता रिपोर्ट किती वाजता कुठे गेला ते, बघायला मिळेल का?"

"पेशंटची माहिती बाहेरच्या कंपनीला देता येत नाही."

"आत्तापर्यंत देत होतात."

"आत्तापर्यंत चूक करत होते."

गेली. तिच्या कंपनीने तिला सोमवारपासून येऊ नकोस म्हणून सांगितलं आहे. तिच्या जागी वरचा कोणी बोलेल म्हणे. मला बरं वाटायला हवं होतं.

बुधवार, २० मे

वॉर्डाजवळून जाताना दत्तू बाकावर दिसला. त्याला मी कोण ते माहीत नाही. शेजारच्याला सांगत होता, "मशीननी घोटाळा केला बोलतात. मशीनला काय बोलू? मानूस असता तं भांडलो असतो."

शुक्रवार, २२ मे

निरोप्या राहिला.

ट्रस्टींनी दहा मिनिटांत ठरवलं. विकतचं परत. कंपनीला नोटीस. निरोप्या कायम, आणि मला दोन वर्षं मुदतवाढ. त्या काळात सगळं कागदावर लिहून द्यायचं आणि दोन नवी माणसं तयार करायची. अध्यक्ष म्हणाले, "शेवटी आपलं ते आपलं." टाळ्या वाजल्या. राकेशनेही वाजवल्या. तो चांगला हरतो. बाहेर आल्यावर म्हणाला, "मॅडम, माझा हेतू वाईट नव्हता."

"हेतूचा रिपोर्ट लॅबमध्ये निघत नाही."

हे मात्र वेळेवर सुचलं.

संतोषने राजीनामा दिला आहे. पुण्याला जातो. पेढ्यांचा बॉक्स घेऊन आला होता. मी एक घेतला. खाल्ला नाही.

गंगापूर रोडने चालत घरी आले. वीस वर्षं जे हातांनी उभं केलं ते राहिलं. कोणी विचारलं असतं तर सांगितलं असतं मी आनंदात आहे. कोणी विचारलं नाही.

सोमवार, २५ मे

निरोप्या कागदावर उतरवायला घेतला. पहिला नियम कोणता लिहायचा? अर्थातच एक जूनचा.

मधेच थांबले. नियम सोपा, चार ओळींचा. पण लिहिताना वाटलं की त्याच्यापुढे 'कारण' असा रकाना हवा, आणि तो भरताना सावळीरामचे शब्द जसेच्या तसे आठवेनात. पुढे काय म्हणत होता तो त्या दिवशी?

शुक्रवार, २९ मे

राकेशचा निरोप — कंपनीने वकिलामार्फत उत्तर दिलं आहे, चूक त्यांची नाही म्हणतात. आपल्या फाइलला अकरा मेचं रजिस्टर जोडायचं आहे. उद्या सकाळी छापून देते म्हटलं. पाच मिनिटांचं काम.

शाल कोणत्या रंगाची हवी म्हणून विचारून गेले. म्हटलं, मला मुदतवाढ आहे, मला कशाला शाल? तर म्हणे, पत्रक आधीच लागलं आहे.

शनिवार, ३० मे

रजिस्टर छापलं. चिमणाबाईचे दोन रिपोर्ट. सकाळी दहा बेचाळीस आणि दहा सत्तेचाळीस. तार मी अकरा वाजता काढायला लावली होती.

निरोप्याने नेले. एक जून दिसला, सालासकट तारीख टाकून दिली, दोन बायांची एक केली. दोन्ही कागद एकाच नावाने खिडकीवर गेले आणि तिथे बसलेल्या बिलातल्या मुलीने ते हाती लागले तसे दिले. मी शिकवलं होतं तसंच.

खिडकीवर गेले. सावळीराम ड्रॉवर रिकामा करत होता. विचारलं, सतरा वर्षांत हे कधी झालं नाही, आताच कसं झालं?

"व्हायचं, मॅडम. आठवड्यातून दोन-चार व्हायचं. रिपोर्ट खिडकीवर आला की मी आधी माणूस बघायचो, मग कागद द्यायचो. चुकलेला इथूनच फिरवायचो. तुम्हीच अधिकार दिला होता."

"मला का नाही सांगितलंत?"

"पहिल्याच दिवशी सांगितलं. दिवस खोटा असतो, साल गुरुजी अंदाजानं बरोबर लिहायचे. दिवस काढा, साल ठेवा. तुम्ही म्हणालात, तेवढं मला कळतं."

रजिस्टर आणि लाल काट मारलेली यादी राकेशच्या टेबलावर ठेवली. त्याने दोनदा वाचलं. "मॅडम, हे कोणाकोणाला सांगायचं?"

"सगळ्यांना. आधी दत्तूला, ते मी सांगते. निकिताला परत बोलवा. मुदतवाढ माझी काढा, सावळीरामला द्या."

सावळीराम नको म्हणाला. भाताच्या रोपांसाठी राब भाजून ठेवला आहे, पाऊस यायच्या आत गावी पोचायचं आहे. चार वाजता दोघांना शाली घातल्या. त्याच्या जागी कोण, हे पत्रकात नव्हतं. आमच्या एकाही मीटिंगमध्ये नव्हतं.

जाताना ड्रॉवरमधली वही मला दिली. दोनशे पानी, २००९ पासूनची. एका नावाची माणसं जोडीजोडीने लिहिलेली. सतराव्या पानावर —

चिमणाबाई सोमा गावित, थोरली. डावा कान फाटलेला.

चिमणाबाई सोमा गावित, धाकटी. हनुवटीवर गोंदण. ऐकू कमी येतं. हाक मोठ्याने मारणे.